होळीपर्यंतचा खेळ

या आठवड्यात थंडी आली. आमच्या मुलुंडमध्ये थंडी आली म्हणजे नेमकं काय झालं, हे नाशिककडच्या माणसांना सांगायची सोय नाही, ती हसतात. पण पहाटे कधीतरी पंखा नकोसा होतो, पायाशी घडी करून ठेवलेली चादर झोपेतच गळ्यापर्यंत येते, आणि सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. तेल गोठलं की मी मुलाचा जुना स्वेटर काढते. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. तो अंगात चढवते, गुडघ्यांना पट्टे बांधते आणि खाली उतरते.

खाली अजून धड उजाडलेलं नसतं. आमची सोसायटी पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला, त्यामुळे हिवाळ्यात तिकडून एक ओलसर, किंचित खारट धुकं आत शिरतं. निम्मा धूरच असतो तो, पण दिसायला धुकं. त्यात गाड्या, पाण्याची टाकी, वॉचमनची खुर्ची, सगळं आपापल्या कडा सोडून थोडं थोडं पसरलेलं असतं. टाकीच्या मागे आमचं मैदान. मैदान आपलं म्हणायचं. जाळीचं एक टोक बदामाच्या झाडाला आणि दुसरं झेंड्याच्या खांबाला, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी ती सोडावी लागते. त्या अर्धवट उजेडात जाळीपाशी पोचले, की पहिली काही मिनिटं कोण आहे आणि कोण गेलं याचा मला पत्ता नसतो. पलीकडे कोणी शाल लपेटून उभं असलं, की मी नाव न घेता नुसती थांबते. मग विद्या खोकते, आणि ती विद्याच असते.

आम्ही रिंग खेळतो. रबराची रिंग, पुरीहून मोठी आणि भाकरीहून लहान. ती जाळीवरून पलीकडे टाकायची, पलीकडचीने एका हाताने झेलायची आणि झेलली तिथूनच लगेच परत टाकायची. दुसरा हात लागला की पॉइंट गेला, हातात धरून विचार करत बसलात तरी गेला. शाळेत आम्ही सगळ्याच खेळायचो. मग लग्न, नोकरी, पोरं, सासूबाईंचं आजारपण असं करत करत मधली सगळी वर्षं कोणी रिंगला हात लावला नाही, आणि निवृत्त झाल्यावर एकदम आठवण झाली. तेव्हा आम्ही आठजणी होतो, सगळ्या साठीच्या अल्याडपल्याड. पावसाळ्यात टाकीमागे शेवाळ असतं, उन्हाळ्यात जमीन तापते. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की आम्ही फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारतो आणि होळी पेटली की जाळी सोडतो.

पहिल्या दिवशी आम्ही चकतो. लहानपणी कोणावर राज्य हे ठरवायला चकायचो, तसंच. गोल करून उभं राहायचं आणि एकदम हात पुढे टाकायचा, कोणाचा उताणा, कोणाचा पालथा. उताण्या एका बाजूला, पालथ्या दुसऱ्या. चार-चार पडेपर्यंत परत परत चकायचं. खिडकीतून बघणारी माणसं काय म्हणत असतील ते म्हणोत. एकदा बाजू पडली की होळीपर्यंत मोडायची नाही, हा नियम गोगटे वहिनींचा. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि मनाने अजून आहेत. मी आणि शालन मात्र दर वर्षी एकाच बाजूला यायचो. यात नशिबाचा काही भाग नव्हता. आमचं आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असायचं, काही झालं तरी उताणा.

शालन लालबागची. सासरे गिरणीत होते. पुढे मुलाने मुलुंडला घर घेतलं तेव्हा चाळीतली खोली सोडून ती इकडे आली, आणि इथली शांतता तिला अजिबात आवडली नाही. लग्नाआधी ती मंडळाच्या मुलींच्या संघातून कबड्डी खेळलेली. आम्ही बाकीच्या, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खेळायचो, ती जिंकायला खेळायची. एरवी बोलायची आमच्यासारखंच, पण जाळीपाशी उभी राहिली की तोंडात थेट मालवणी यायची. ती पुढे, मी मागे. "मंदे, मागचा तू बघ, फुडचा माझा," हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं. मी आयुष्यभर विमा कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या. कोणी आपली मागची बाजू निर्धास्तपणे माझ्यावर सोपवावी, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मला ते फार आवडायचं.

त्या हिवाळ्यांची आता सरमिसळ झाली आहे. कुठली सकाळ कुठल्या वर्षातली, ते सांगता येत नाही. खेळून झालं की टाकीच्या कट्ट्यावर ऊन यायचं, फक्त तेवढ्याच कट्ट्यावर, आणि आम्ही सगळ्या त्या उन्हाच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसायचो. शालन मार्केटातून ओल्या हरभऱ्याची जुडी आणायची. घाटे सोलताना बोटांना एक आंबटखारट चिकटपणा यायचा आणि बोलता बोलता आम्ही बोटं चाटायचो. वरून कोणाच्या तरी खिडकीतून डिंक तळल्याचा वास उतरायचा. डोळे मिटले की पापण्यांच्या आत लाल दिसायचं आणि बाजूला कोणीतरी सुनेची तक्रार सांगत असायचं, ती ऐकता ऐकता डुलकी लागायची.

एकदा खाडीकडून रोहित पक्ष्यांची एक लांब ओळ आमच्या डोक्यावरून गेली. धुक्यात त्यांचा गुलाबी रंग दिसलाच नाही, नुसत्या लांब माना आणि पंखांचा आवाज. आम्ही सगळ्या माना वर करून उभ्या, आणि शालनने नेमकी तेव्हाच सर्व्हिस टाकली. रिंग विद्याच्या पायाशी पडली.

"पाखरां मगे बघा," शालन म्हणाली. "पॉइंट झालो."

गोगटे वहिनींनी तो पॉइंट दिला. नियमात पक्ष्यांबद्दल काही लिहिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या.

तिने बघितलेल्या शेवटच्या होळीच्या आधीच शालन खेळताना मधूनच पोटावर हात ठेवून उभी राहायची. ॲसिडिटी आहे म्हणायची. मी तिच्या मागून पुढे येऊन तिची रिंग झेलायचे आणि परत मागे धावायचे. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात कळलं की कर्करोग आहे आणि तो बराच पुढे गेलेला आहे. श्रावण-भाद्रपद इस्पितळाच्या खेपांत गेले. केस गेले, वजन गेलं, आवाज मात्र होता तिथेच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, झेपेल तेवढं करा, मन रमवा.

"मन रमवा म्हणजे काय करा, ता तेणी सांगूक नाय," ती मला म्हणाली. "मी इचारलंय, रिंग खेळू? तर हसलो तो."

तिला एकच गोष्ट हवी होती. हा हंगाम खेळायचा, होळीपर्यंत. हे तिने मला गणपतीत सांगितलं, तिच्या घरी आरती चालू असताना, टाळ वाजवता वाजवता. मी मान हलवली. खेळायचं म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात एक होतं आणि माझ्या डोक्यात दुसरंच, हे मला तेव्हा कळलं नाही. माझ्या डोक्यात तिने उन्हात उभं राहायचं होतं, चार रिंगा झेलायच्या होत्या, हसायचं होतं. बाकीचं मी बघणार होते.

तुळशीचं लग्न झालं. पहिल्या दिवशी ती डोक्याला लोकरीचा रुमाल बांधून खाली आली. सगळ्या जरा जास्तच गोड बोलत होतो. गोल केला, हात टाकले. माझा उताणा, तिचा पालथा. मला वाटलं, औषधांनी विसरली बिचारी. चार-चार पडले नव्हते म्हणून वहिनींनी परत चकायला लावलं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, आणि बघत बघतच पालथा हात टाकला.

खेळून झाल्यावर मी तिला कट्ट्यावर गाठलं. म्हटलं, "काय गं हे?"

"बाजूक रवलंस तर माझी रिंग तूच झेलतंस," ती म्हणाली. "गेल्या होळीक मी बघी होतंय. फुडचा पण तू, मागचा पण तू. मी काय थंय शोभेक उभी?"

"तुला दुखत होतं, शालन."

"दुखत होता. पण खेळत होतंय मा." ती हरभरा सोलत होती, आणि सोललेला दाणा तिने माझ्याच हातावर ठेवला. "आता समोर रव. काय टाकूचा ता समोरसून टाक. आणि नीट टाक."

मला राग आला. इतक्या वर्षांची बाजू सोडून ती सरळ पलीकडे जाऊन उभी राहिली होती. आजारी माणसावर रागावू नये वगैरे मला कळत होतं, पण राग आला होता आणि तो चांगला आठवडाभर टिकला.

त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली, कोणी कोणाला न सांगता. लहान मुलांच्या खेळात एखादं धाकटं भावंड असतं, त्याला खेळायचं असतं पण झेपत नाही. त्याला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत, आणि ते बाद झालं तरी बाद धरत नाहीत. त्याला म्हणतात लिंबूटिंबू. आम्ही शालनला लिंबूटिंबू केलं. तिच्याकडे जाणारी प्रत्येक रिंग हवेत उंच, संथ, थेट तिच्या हाताशी. तिचे दोन्ही हात लागले, की गोगटे वहिनी, ज्या रेघेवर पायाचं बोट पडलं तरी खेळ थांबवायच्या, त्या बदामाच्या झाडाकडे बघत राहायच्या. तिची बाजू रोज जिंकत होती आणि आम्ही रोज टाळ्या वाजवत होतो.

मग एका सकाळी तिने रिंग झेलली आणि टाकलीच नाही. हातात धरून उभी राहिली.

"माका लिंबूटिंबू केल्यात?" तिने विचारलं.

विद्या आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात हळवी. तीच म्हणाली, "नाही हो शालनताई, असं काय बोलता?"

"मी कबड्डी खेळलेलंय गो. समोरचो कधी सोडता, ता माका कळता." मग तिने रिंग माझ्या दिशेने भिरकावली. "मी अजून मरूक नाय. मंदे, सर्व्हिस तुझी."

रिंग थंड होती. पहाटेच्या थंडीत रबर कडक होतं, बोटांना लागतं. जाळीच्या चौकोनांतून मला तिच्या गळ्याची हाडं दिसत होती, स्वेटर खांद्यावरून ओघळलेला दिसत होता. तिला काय हवंय ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते मला द्यायचं नव्हतं. पण पालथ्या हाताचा राग अजून होता, त्याने माझं काम सोपं केलं. मी रिंग खालून, जोरात, मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकली. ती धावली आणि पोचली नाही. रिंग पडली, घरंगळत टाकीच्या भिंतीला जाऊन लागली.

विद्या पुटपुटली, "अहो मंदाताई."

शालन गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. धाप ओसरेपर्यंत आम्ही सगळ्या तशाच उभ्या. मग ती सरळ झाली, रुमाल घट्ट बांधला. "आता कसा," म्हणाली, आणि जागेवर जाऊन उभी राहिली. पुढची रिंग मी परत तिथेच टाकली. ती आधीच तिथे होती. एका हाताने झेलली आणि माझ्या बाजूला जाळीच्या अगदी पायथ्याशी अलगद सोडली. मी जन्माची मागे उभी राहणारी, मला ती कुठली मिळते? ती हसली, अगदी दात दिसेपर्यंत.

आज सकाळी जाळी बांधताना मला हेच आठवत होतं. आपल्याच बाजूने खेळणाऱ्याचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. पाठ दिसते, कोपर दिसतं, पदर खोचलेला दिसतो. इतकी वर्षं मी तिच्या मागे उभी होते आणि खेळताना तिचा चेहरा कसा होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तो त्या एकाच हंगामात, जाळीपलीकडून बघितला. रिंग येण्याआधी ती खालचा ओठ आत ओढायची. खोटी हूल द्यायची असली की एक भुवई किंचित वर जायची. आणि पॉइंट घेतला की चेहऱ्यावर निव्वळ पोरकट, दुष्ट आनंद. कबड्डीच्या मैदानावरची मुलगी अशीच दिसत असणार. ती पलीकडे गेली नसती, तर ही मुलगी मला कधी भेटलीच नसती. पौषातल्या त्या सकाळी मला आता स्वप्नासारख्या वाटतात. सगळं धुकं, आणि धुक्यात तेवढा एक चेहरा स्पष्ट.

संक्रांतीपर्यंत ती खेळली. कधी दोन गेम, कधी अर्धाच. हरायची जास्त, मधूनच जिंकायची, आणि जिंकलेला प्रत्येक पॉइंट तिचा स्वतःचा होता. त्यानंतर पायांनी साथ सोडली. मग ती वॉचमनची खुर्ची रेघेजवळ मागवून घ्यायची, शालीत गुरफटून बसायची आणि पंच व्हायची. मुलगा तिला लिफ्टपर्यंत, तिथून खुर्चीपर्यंत धरून आणायचा आणि ऑफिसला पळायचा. पंच म्हणूनही ती तशीच. कोणाची गय नाही.

माघातली सकाळ होती. माझी आणि विद्याची बाजू मागे होती, एका पॉइंटवर गेम अडलेला. मी एक लांब रिंग टाकली, आयुष्यातली सगळ्यात चांगली म्हणा ना. ती तरंगत गेली आणि मागच्या रेघेवर पडली. रेघेवर. फक्की उडालेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

"भायर," शालन म्हणाली.

मला वाटलं, गंमत करते आहे. मी तिच्याकडे चालत गेले. "शालन, रेघेवर पडली. रेघेवरची आत धरतात."

"भायर पडली."

"फक्की उडाली, दिसली नाही तुला?"

"वाऱ्यान उडाली."

"वारा कुठाय? झाडाचं पान हलत नाहीये. आंधळी झालीस काय तू?"

"तुझो चष्मो पूस आधी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, गालांवर रंग आला होता. "पंच मी आसंय. भायर म्हणजे भायर."

गोगटे वहिनी मध्ये पडल्या, त्यांनाही आम्ही दोघींनी गप्प केलं. विद्या माझा स्वेटर ओढत होती. मी म्हटलं, असली पंचगिरी असेल तर मला खेळायचं नाही, आणि रिंग तिथेच टाकून तरातरा निघाले. लिफ्टपाशी पोचले तेव्हा मागून ऐकू आलं, अगदी लालबागच्या चाळीच्या गॅलरीतून घालावी तशी हाक, "रडी." ती मलाच होती.

संध्याकाळी वहिनी आणि विद्या माझ्या घरी आल्या. मी चहा टाकला. वहिनी म्हणाल्या, "मंदा, तिची अवस्था बघतेस ना तू? एक पॉइंट सोडला असतास तर काय बिघडलं असतं?" विद्या रडत होती. मी कपांत चहा ओतला. मी सोडला असता तर शालनला त्याच क्षणी कळलं असतं. पूर्ण हंगाम तिने ज्यासाठी माझ्याशी वाकडं घेतलं, माझी बाजू सोडली, जीव खाऊन धावली, ते सगळं मी एका दयाळू "बरं बाई" मध्ये घालवलं असतं. आणि शिवाय, खरं सांगायचं तर, माझी रिंग आत होती. त्या गेल्यावर तीन कप विसळले आणि ओट्याशी उभी राहून खूप रडले.

ती त्यानंतर खाली आली नाही. आठवड्याभरात अंथरुणाला खिळली. इस्पितळात न्यायचं नाही, असं तिने आधीच मुलाला बजावलं होतं. आम्ही सगळ्या एका दुपारी बघायला गेलो. खोलीत पडदे ओढलेले, उशाशी मोसंब्याचा रस तसाच. सून म्हणाली, "ओळखतात, पण बोलत नाहीत आता." वहिनी हळू आवाजात स्तोत्र म्हणत बसल्या. विद्या तिचा पाय चेपत म्हणाली, "लवकर बऱ्या व्हा हं, होळीला खेळायचंय ना." शालनने डोळे मिटूनच ठेवले होते. एकेक जण जवळ जाऊन काहीतरी गोड बोलत होती. माझ्याकडे गोड काही नव्हतं.

माझी पाळी आली. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आत होती."

तिने डोळे उघडले. त्याला फार वेळ लागला. मग गोधडीवरचा हात हलला, एक बोट वर झालं, आणि ते बोट हळूहळू या बाजूला गेलं, त्या बाजूला गेलं. नाही.

"रेघेवरची आत धरतात, शालन," मी म्हटलं.

परत तेच बोट. नाही.

सून घाबरून जवळ आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, काही नाही, खेळातलं आहे. शालन माझ्याकडे बघत होती, आणि तिने खालचा ओठ आत ओढला होता.

होळी अजून लांब होती तेव्हाच ती गेली. आम्ही जाळी त्या वर्षी आधीच सोडली. मला तिची फार आठवण येते, थंडीत तर अंगभर येते. विद्या अजून मधूनच हळहळते, शेवटी तुमच्या दोघींचं मिटायला हवं होतं हो, म्हणते. मी तिला समजावत बसत नाही. आमचं मिटलेलं नाही, आणि माझ्याकडून ते मिटणारही नाही. रिंग आत होती.